फिल्मवर देवयानी दीर्घिका कशी टिपायची

डिजिटल कॅमेऱ्यात चूक लगेच मागच्या पडद्यावर दिसते. फिल्मवर ती दिसते रोल धुऊन आल्यावर, म्हणजे आठवड्याने. तोवर अमावास्या निघून गेलेली असते आणि पुढची यायला तीन आठवडे असतात. त्यामुळे फिल्मवर दीर्घिका टिपायचं निम्मं काम त्या रात्रीच्या आधीच होतं. ज्या गोष्टी रात्री तपासता येत नाहीत त्या दिवसा किंवा एखाद्या फालतू रोलवर तपासून ठेवायच्या. खालच्या पायऱ्या त्याच क्रमाने आहेत. सुरुवातीसाठी दीर्घिका एकच धरली आहे, देवयानी म्हणजे एम-३१. पहिल्या वर्षी दुसरीच्या मागे लागूच नका.

जमवायचं सामान

- बॅटरीशिवाय शटर चालणारा ३५ मिमी एसएलआर कॅमेरा, ‘बी’ सेटिंग (बटण दाबलेलं असेपर्यंत शटर उघडं) असलेला
- १३५ किंवा २०० मिमी लेन्स (झूम नको)
- लॉक होणारी केबल रिलीज (कॅमेऱ्याला हात न लावता शटर दाबायची तार), तीही दोन. एक ऐन वेळी अडकतेच
- मोटर असलेला इक्वेटोरियल माउंट (आकाशाच्या फिरण्याबरोबर कॅमेरा फिरवणारा आधार), ध्रुव साधायच्या छोट्या दुर्बिणीसह
- १२ व्होल्टची बॅटरी. यूपीएसमधली ७ अ‍ॅम्पियर-अवरची चालते
- दव रोखायची हीटर पट्टी
- काळा पुठ्ठा, काळी चिकटपट्टी, लाल दिवा, घड्याळ, वही, पेन्सिल
- दोन रोल: एक चाचणीचा, एक खरा

१. देवयानीच का, आणि कधी

आपल्यापासून सुमारे २५ लाख प्रकाशवर्षं दूर असूनही ही दीर्घिका आकाशात ३ अंश लांब पसरलेली आहे, म्हणजे सहा पूर्णचंद्र शेजारी शेजारी ठेवावेत तेवढी. २०० मिमी लेन्सने फिल्मवर तिची लांबी सुमारे १०.५ मिमी येते, १३५ मिमीने ७ मिमी आणि ५० मिमीने जेमतेम अडीच मिमी. बाकीच्या बहुतेक दीर्घिका याच लेन्सने टिपल्या तर फिल्मवर ठिपक्याएवढ्या येतात. त्यांच्यासाठी मोठी दुर्बीण लागते आणि मग सगळ्याच चुका पाचपट होतात. अपवाद त्रिकोण दीर्घिकेचा, एम-३३ चा. ती आकाराने बरी आहे, पण इतकी फिकट की नवख्याचा हिरमोड करते.

महाराष्ट्रातून देवयानी डोक्यावरून थोडी उत्तरेला जाते. पुण्यातून तिची जास्तीत जास्त उंची ६७ अंश. नोव्हेंबरच्या सुरुवातीला ती रात्री साडेदहाच्या सुमारास याम्योत्तर वृत्तावर (डोक्यावरून जाणाऱ्या उत्तर-दक्षिण रेषेवर) येते, डिसेंबरच्या सुरुवातीला साडेआठला. पाऊस संपलेला आणि हवा धुतलेली असते, म्हणून नोव्हेंबरची अमावास्या सगळ्यात चांगली. जानेवारीनंतर धूळ आणि धुकं दोन्ही वाढतं, शिवाय देवयानी संध्याकाळीच पश्चिमेला झुकलेली असते.

ऑस्ट्रेलिया किंवा न्यूझीलंडमध्ये राहत असाल तर देवयानी सोडा. तुमच्या डोक्यावर मोठा आणि छोटा मॅजेलनी मेघ आहेत. त्याही दीर्घिकाच, इतक्या मोठ्या की ५० मिमी लेन्स पुरते. पुण्यातून मोठा मेघ क्षितिजाच्या वर जेमतेम २ अंश येतो, म्हणजे आपल्या उपयोगाचा नाही.

२. कॅमेरा आधी रिकामा चालवून बघा

ऑलिंपस ओएम-१, निकॉन एफएम-२, पेन्टॅक्स के-१००० यांचं शटर पूर्ण यांत्रिक आहे. तासभर उघडं ठेवलं तरी बॅटरी लागत नाही. कॅनन एई-१ सारख्या कॅमेऱ्यात ‘बी’वर शटर उघडं ठेवायला बॅटरीच झिजते आणि थंडीत ती मध्येच मान टाकते. ओएम-१ ला आरसा आधीच वर उचलून ठेवायची सोय आहे, हा आणखी एक फायदा.

घरी या तीन चाचण्या करा. मागचं झाकण उघडून, ‘बी’ लावून, केबल लॉक करून कॅमेरा अर्धा तास तसाच ठेवा. शटर आपोआप मिटलं तर केबल बदला. दुसरी, झाकणाच्या खाचेतला फोम बोटाने दाबून बघा. जुन्या कॅमेऱ्यात तो डांबरासारखा चिकट होतो आणि त्यातून प्रकाश झिरपतो. १/१२५ सेकंदात हे कळतही नाही, ४० मिनिटांत फ्रेमच्या कडेला पांढरा लोट उतरतो. तिसरी, व्ह्यूफाइंडरवर काळी पट्टी लावायची सवय करून घ्या.

३. फिल्म: डब्यावरच्या आकड्यावर जाऊ नका

नवखा माणूस दुकानात जाऊन सर्वांत जास्त आयएसओची, म्हणजे सर्वांत वेगवान, फिल्म मागतो. इथेच पहिला सापळा आहे.

फिल्ममधल्या सिल्व्हर हॅलाइडच्या कणावर प्रकाशकण पडला की चांदीचा एक अणू मोकळा होतो. पण एकटा अणू टिकत नाही. काही सेकंदांत दुसरा, तिसरा प्रकाशकण त्याच कणावर आला तरच तीन-चार अणूंचा पुंजका बनतो, आणि असा पुंजका असलेला कणच डेव्हलपरमध्ये (फिल्म धुण्याच्या रसायनात) काळा पडतो. दिवसा प्रकाशकणांचा पाऊस असतो, तेव्हा अडचण नाही. दीर्घिकेचा प्रकाश मात्र थेंबथेंब येतो. दुसरा थेंब येईपर्यंत पहिल्याचं काम पुसलं गेलेलं असतं. यालाच रेसिप्रॉसिटी फेल्युअर म्हणतात. कार्ल श्वार्त्सशिल्ड या जर्मन खगोलशास्त्रज्ञाने ताऱ्यांच्या छायाचित्रांवर काम करतानाच त्याचं गणित मांडलं. परिणाम असा की दुप्पट वेळ दिला तरी दुप्पट काळेपणा मिळत नाही. शिवाय फिकट भागाचं नुकसान तेजस्वी भागापेक्षा जास्त होतं. दीर्घिकेचं केंद्र भाजून निघतं आणि भुजा उपाशी राहतात.

किती नुकसान होतं हे प्रत्येक फिल्मचं वेगळं असतं. इल्फर्ड आपल्या फिल्मसाठी घातांक देते: एचपी-५ प्लससाठी १.३१, एफपी-४ प्लस आणि डेल्टा १०० साठी १.२६. हिशोबाने निघालेले सेकंद त्या घातांकाने वाढवायचे. ६० सेकंदांचे एचपी-५ वर होतात २१३, डेल्टा १०० वर १७४. फुजीच्या निओपॅन अ‍ॅक्रॉस १०० ला १२० सेकंदांपर्यंत काहीच वाढवावं लागत नाही आणि तिथून १००० सेकंदांपर्यंत फक्त अर्धा स्टॉप (एक स्टॉप म्हणजे दुप्पट प्रकाश). प्रोव्हिया १००एफ या रंगीत स्लाइड फिल्मलाही १२८ सेकंदांपर्यंत दुरुस्ती नाही.

आता हे एकमेकांशेजारी ठेवा. १०० आयएसओला हिशोबाने १० मिनिटं हवी आहेत असं समजा. अ‍ॅक्रॉसवर अर्धा स्टॉप वाढवून सुमारे १४ मिनिटं होतात. एचपी-५ डब्यावर चौपट वेगवान, म्हणजे अडीच मिनिटं पुरायला हवीत. पण १५० सेकंदांना १.३१ चा घातांक लावला की होतात जवळजवळ १२ मिनिटं. चौपट वेगाचे पैसे दिले आणि वाचली दोन मिनिटं, तीही जाड दाणा पदरात घेऊन.

म्हणून कृष्णधवलसाठी सुरुवातीची फिल्म अ‍ॅक्रॉस, म्हणजे आज मिळणारी अ‍ॅक्रॉस-२. ती गडद लाल रंगाला जवळपास आंधळी आहे, त्यामुळे हायड्रोजनचे ६५६ नॅनोमीटरवर चमकणारे तेजोमेघ तिच्यात नीट येत नाहीत. तेजोमेघ टिपणाऱ्याला हा दोष मोठा, आपल्याला नाही. देवयानीचा बहुतेक प्रकाश ताऱ्यांचा आहे. अ‍ॅक्रॉस मिळाली नाही तर एचपी-५ घ्या, ती सहज मिळते आणि धुताना चुका पोटात घालते.

जुन्या लेखांत कोडॅकची टेक्निकल पॅन आणि ती हायड्रोजन मिसळलेल्या वायूत तापवून ‘हायपर’ करायची कृती सापडेल. ओलावा आणि ऑक्सिजन फिल्ममधून बाहेर काढला की थेंबथेंब प्रकाशातही पुंजके टिकतात, हे खरं आहे. पण ती फिल्म २००४ च्या सुमारास बंद झाली, आणि हायड्रोजनचा सिलिंडर घरात आणून खेळण्याची वस्तू नाही. ते सोडून द्या.

फिल्म फ्रिजमध्ये ठेवत असाल तर डबी न उघडता दोन तास आधी बाहेर काढा, नाहीतर थंड फिल्मवर हवेतली वाफ बसते. परदेशातून कोणी आणणार असेल तर विमानतळावर रोल हाताने तपासायला सांगा. सामान तपासायची नवी सीटी स्कॅनर यंत्रं फिल्म धुरकट करतात.

४. फोकस: रिंगवरच्या ‘अनंत’ खुणेवर विश्वास नको

लेन्सवरची अनंताची खूण अंदाजे असते. व्ह्यूफाइंडरमधून ताऱ्यावर केलेला फोकसही बहुतेकदा केसभर चुकतो. चाचणीचा रोल याच्यासाठीच आहे.

फोकस रिंगवर कागदाची पट्टी चिकटवा, तिच्यावर मिलिमीटरच्या खुणा करा. कॅमेरा साध्या ट्रायपॉडवर, माउंट बंद. मृग नक्षत्राच्या पट्ट्यातले तीन तारे फ्रेममध्ये घ्या. ते खगोलीय विषुववृत्ताजवळ आहेत, त्यामुळे त्यांच्या रेघा लांब आणि सरळ येतात. रिंग अनंताच्या खुणेपासून ३ मिमी अलीकडे आणा आणि शटर उघडा. ६० सेकंद झाले की लेन्ससमोर काळा पुठ्ठा धरा. पुठ्ठ्याआड रिंग १ मिमी सरकवा, थरथर शमायला २० सेकंद थांबा, पुठ्ठा काढा. असं सात वेळा. सातव्याच्या आधी मात्र २० ऐवजी ६० सेकंद थांबा, म्हणजे नंतर कोणतं टोक शेवटचं ते ओळखता येईल.

धुतलेल्या निगेटिव्हवर तीन ताऱ्यांच्या तीन तुटक रेघा दिसतील. २०० मिमी लेन्सवर प्रत्येक तुकडा साधारण ०.९ मिमीचा. भिंगातून बघा. एका टोकाला तुकडे रुंद आणि राखाडी, मग बारीक होत होत एक तुकडा सुईने ओढल्यासारखा आणि सर्वांत काळा, मग पुन्हा रुंद. तो काळा बारीक तुकडा कितवा ते मोजा. रिंगवरची ती खूण तुमचा खरा अनंत. शेजारशेजारचे दोन तुकडे सारखेच बारीक दिसले तर त्यांच्या मधली खूण धरा. खऱ्या रात्री रिंग त्या खुणेवर आणून चिकटपट्टीने पक्की करायची आणि पुन्हा हात लावायचा नाही.

लेन्स पूर्ण उघडी ठेवली तर कोपऱ्यातल्या ताऱ्यांना पंख फुटतात, म्हणून एक स्टॉप बंद करायची. पण आतल्या पात्यांनी बंद केली की ठळक ताऱ्यांभोवती टोकं येतात. त्यापेक्षा लेन्स पूर्ण उघडी ठेवून समोर गोल भोक असलेली रिंग लावा. २०० मिमी लेन्सपुढे ५० मिमी व्यासाचं भोक म्हणजे एफ-४; १३५ मिमीपुढे ३४ मिमीचं. फिल्टरच्या स्टेप-डाउन रिंगा यासाठी उत्तम.

५. जागा: शहर दक्षिणेला हवं

देवयानी उत्तरेकडे, ध्रुवही उत्तरेकडे. म्हणून आपल्याला उत्तर काळोखी हवी आणि शहराचा उजेड पाठीमागे, दक्षिणेला. पुणेकरांनी शहराच्या उत्तरेला, जुन्नरच्या बाजूला जायचं ते यासाठी. आयुका या पुण्याच्या खगोलशास्त्र संस्थेची गिरावली वेधशाळाही त्याच पट्ट्यात आहे. विदर्भातल्यांसाठी पेंच आहे. पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये भारतातलं पहिलं ‘डार्क स्काय पार्क’ म्हणून मान्यता मिळाली. मात्र तिथे वनखात्याच्या परवानगीशिवाय रात्री थांबता येत नाही.

कुठेही जा, गावच्या पोलीस पाटलांना आधी फोन करा. रात्री एक वाजता माळावर लाल दिवा लावून बसलेली माणसं बघून गाव जागं होतं, आणि त्यांचं काही चुकत नाही. जुन्नर परिसरात बिबट्यांचा वावर आहे. एकट्याने जाऊ नका, जमिनीवर बसून राहू नका.

उजेड कापणारे फिल्टर इथे फारसे कामाचे नाहीत. ते तेजोमेघांच्या ठराविक रंगांना वाट देतात आणि बाकीचं अडवतात. दीर्घिकेचा प्रकाश सगळ्या रंगांत पसरलेला असतो, त्यामुळे शहराच्या उजेडासोबत तीही कापली जाते.

६. ध्रुव साधणं

सर्वांत जास्त रोल वाया जातात ते इथे. माउंटचा अक्ष खगोलीय ध्रुवाकडे अचूक रोखलेला हवा. ध्रुव तारा आणि खरा ध्रुव यांत आज ०.६ अंशाहून थोडं जास्त अंतर आहे. अक्ष सरळ ध्रुव ताऱ्यावर रोखून ४० मिनिटांचं एक्स्पोजर दिलं, तर वाईटात वाईट परिस्थितीत २०० मिमी लेन्सवर तारा फिल्मवर जवळपास ०.४ मिमी सरकतो. आपल्याला चालतात ०.०३ मिमी. म्हणजे अक्ष खऱ्या ध्रुवापासून ३ कलांच्या (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग) आत हवा.

आपल्या अक्षांशाची एक खास अडचण आहे. ध्रुवाची उंची म्हणजे तुमचा अक्षांश: पणजीला १५.५, पुण्याला १८.५, मुंबईला १९, नागपूरला २१ अंश. बहुतेक माउंट ४०-५० अंशांचा विचार करून बनवलेले असतात. इतक्या खाली वाकवले की काउंटरवेटचा दांडा ट्रायपॉडच्या पायाला अडकतो. म्हणून एक पाय बरोबर उत्तरेला येईल असा ट्रायपॉड न ठेवता दोन पायांमधली फट उत्तरेला ठेवून बघा, दांडा पूर्ण फिरवून कुठे अडतो ते दिवसाच तपासा, आणि गरज पडली तर ट्रायपॉडचा पाय लांब करून सगळा माउंटच थोडा कलता ठेवा. अक्ष ध्रुवाकडे असला की बास, ट्रायपॉड पाणसळीत असलाच पाहिजे असं नाही.

क्रम असा:

क) होकायंत्राने ढोबळ उत्तर. महाराष्ट्रात चुंबकीय आणि खऱ्या उत्तरेत एका अंशाहून कमी फरक आहे, त्यामुळे सुरुवातीला होकायंत्र पुरतं. गाडी आणि लोखंडी ट्रायपॉडपासून मात्र दूर उभे राहा.

ख) ध्रुव दिसत असेल तर माउंटमधल्या छोट्या दुर्बिणीत तो मधोमध न आणता वर्तुळावर, त्या वेळेच्या योग्य जागी आणा. ही जागा फोनवरचं कोणतंही ध्रुव दाखवणारं अ‍ॅप सांगतं.

ग) आता सरकण्याची चाचणी. १८ अंशांवरचा ध्रुव धुरक्यात किंवा डोंगराआड गेला असेल तर हाच एक मार्ग. रेषा असलेल्या आयपीसमधून दक्षिणेला, याम्योत्तर वृत्ताजवळ आणि विषुववृत्ताच्या आसपासचा एक तारा धरा. आधी दिशा ओळखा: नळी किंचित ध्रुवाकडे ढकला, तारा दृश्यात ज्या बाजूला सरकला ती दक्षिण. मग मोटर चालू ठेवून ५ मिनिटं बघा. पूर्व-पश्चिम हालचालीकडे दुर्लक्ष करा. तारा दक्षिणेकडे सरकत असेल तर अक्ष गरजेपेक्षा पूर्वेकडे आहे. उत्तरेकडे सरकत असेल तर पश्चिमेकडे. दुरुस्त करा, पुन्हा बघा.

घ) नंतर पूर्वेला, क्षितिजापासून २०-३० अंशांवरचा तारा. तो दक्षिणेकडे सरकला तर अक्ष खाली आहे, उत्तरेकडे सरकला तर वर. पुन्हा (ग) वर जा. दोन्हीकडे ५ मिनिटांत तारा रेषेवरून हलला नाही की झालं. पहिल्यांदा या सगळ्याला दीड तास लागतो. तेवढा धरूनच निघा.

माउंट परवडत नसेल तर दोन फळ्या, एक बिजागरी आणि एम-६ आट्यांचा रॉड घेऊन सुताराकडून एक साधन करून घेता येतं. बिजागरीच्या मध्यापासून रॉडपर्यंत २२८.५ मिमी अंतर ठेवा. या रॉडचा आटा १ मिमीचा असतो, त्यामुळे मिनिटाला बरोबर एक फेरी दिली की वरची फळी आकाशाच्या वेगाने उघडते. ५० मिमी लेन्सने १० मिनिटांपर्यंत हे मस्त चालतं. चित्रात देवयानी अडीच मिमीची येईल, पण ती दीर्घिका आहे हे ओळखू येईल.

७. ताऱ्याचा पाठलाग

माउंटच्या दातेरी चाकांना एक ठराविक डुलकी असते, म्हणजे वेग ठराविक काळाने किंचित मागेपुढे होतो. १४४ दात्यांच्या चाकात ती दर १० मिनिटांनी, १८० दात्यांच्या चाकात दर ८ मिनिटांनी परत येते. १३५ मिमीला चांगला माउंट तसाच चालून जातो. २०० मिमीला डुलकी काठावर असते, म्हणून शेजारी छोटी गाइड दुर्बीण हवी. जुनी रीत म्हणजे उजळ रेषांच्या आयपीसमधून एक तारा डोळ्याने धरून ठेवायचा आणि बटणांनी सतत दुरुस्त करायचा. आज छोटा डिजिटल गाइड कॅमेरा हे काम करतो. चित्र फिल्मवरच येतं, त्यामुळे यात कमीपणा मानू नका.

गाइड दुर्बीण आणि कॅमेरा एकाच जाड पट्टीवर स्क्रूने आवळा. रबर किंवा वेल्क्रोने बांधलेली गाइड दुर्बीण तासाभरात स्वतःच वाकते. गाइड तारा जागच्या जागी राहतो आणि फिल्मवरचे तारे रेघाटतात.

८. त्या रात्री

रोलची पहिली फ्रेम उजेडात, साध्या दृश्याची घ्या. झाड, गाडी, काहीही. याचं कारण दहाव्या पायरीत येईल.

देवयानी शोधायला भाद्रपदांच्या मोठ्या चौकोनातला ईशान्येचा तारा धरा. तिथून देवयानी तारकासमूहाच्या रांगेत दुसरा ठळक तारा मिराक, आणि मिराकपाशी काटकोनात वळून दोन फिकट तारे ओलांडले की काळोख्या जागी नुसत्या डोळ्यांनी धुरकट डाग दिसतो. व्ह्यूफाइंडरमध्ये फक्त केंद्र दिसेल, भुजा नाहीत. कॅमेरा असा फिरवा की डागाची लांबी फ्रेमच्या लांबीशी जुळेल. एम-३२ आणि एम-११० या सोबतच्या दोन छोट्या दीर्घिका आपोआप येतील.

फिल्म पुढे ओढल्यावर लगेच शटर उघडू नका. गेटमध्ये (शटरमागच्या चौकटीत) आलेली फिल्म बाहेरचा ओलावा पिऊन किंचित फुगते आणि जागा बदलते. पाच मिनिटं तशीच राहू द्या. मग आरसा वर, काळा पुठ्ठा लेन्ससमोर (चिकटवू नका, नुसता धरा), शटर उघडून केबल लॉक, दहा सेकंद थांबून पुठ्ठा बाजूला.

पहिल्या रात्री एकच मोठं एक्स्पोजर देऊन मोकळे होऊ नका. एफ-४ ला ५, १५, ३० आणि ६० मिनिटांची शिडी करा. नोव्हेंबरच्या सुरुवातीला पावणेआठला सुरू केलंत तर दीर्घिका याम्योत्तर वृत्त ओलांडायच्या आत चारही होतात, आणि माउंट उलटवावा लागत नाही. कोणतं एक्स्पोजर बरोबर हे तुमच्या जागेचं आकाश ठरवतं: ज्यात पार्श्वभूमी कोऱ्या फिल्मपेक्षा जेमतेम गडद झाली ते. त्यापुढे वेळ वाढवली तर आकाशच काळं होत जातं, भुजा नाही.

विमान फ्रेमकडे येताना दिसलं की पुठ्ठा धरा, गेलं की काढा, तेवढे सेकंद वहीत लिहा. उपग्रह मुख्यतः संध्याकाळी आणि पहाटे त्रास देतात. दव मात्र रात्रभर देतं. सह्याद्रीच्या पायथ्याशी नोव्हेंबरात नऊ वाजता लेन्सची काच ओली होते, आणि शटर उघडं असताना ते तुम्हाला कळत नाही. हीटर पट्टी दव पडल्यावर नाही, सुरुवातीपासूनच चालू ठेवा. काच पुसायची वेळ आली तर ती फ्रेम गेलीच समजा.

प्रत्येक फ्रेमसाठी वहीत फ्रेम क्रमांक, सुरू आणि बंद झाल्याची वेळ, एफ क्रमांक, फोकसची खूण, दव-वारा-विमानं लिहा. ऑक्टोबर १९२३ मध्ये एडविन हबलने माउंट विल्सनच्या १०० इंची दुर्बिणीने देवयानीची काचेची प्लेट घेतली. तिच्यावर शाईने केलेल्या खुणांपैकी एक ‘एन’ खोडून त्याने ‘व्हीएआर!’ लिहिलं, म्हणजे हा नवतारा नाही, रूपविकारी (तेज बदलणारा) तारा आहे. हे त्याला कळलं जुन्या, तारखा लावून ठेवलेल्या प्लेट शेजारी ठेवल्यामुळे. तुमच्या ३० आणि ६० मिनिटांच्या फ्रेममधला फरकही वही असेल तरच काही सांगेल.

९. रोल धुणं

शक्यतो घरीच धुवा. दीर्घिकेला कॉन्ट्रास्ट हवा, म्हणून नेहमीपेक्षा जास्त वेळ. एचपी-५ प्लस आयडी-११ या डेव्हलपरमध्ये, पाणी न मिसळता, २० अंश सेल्सिअसला १४ मिनिटं. हीच १६०० आयएसओसाठीची वेळ. दुसऱ्या फिल्मसाठी नेहमीची वेळ एक-तृतीयांशाने वाढवून सुरुवात करा.

याहून कडक कॉन्ट्रास्ट हवा असेल तर डी-१९. एक लिटरसाठी मेटॉल २ ग्रॅम, सोडियम सल्फाइट ९० ग्रॅम, हायड्रोक्विनोन ८ ग्रॅम, सोडियम कार्बोनेट मोनोहायड्रेट ५२.५ ग्रॅम, पोटॅशियम ब्रोमाइड ५ ग्रॅम. सुमारे ७५० मिली कोमट पाण्यात याच क्रमाने एकेक पूर्ण विरघळवत जा, शेवटी पाणी घालून लिटर भरा. मेटॉलच्या आधी सल्फाइटची फक्त चिमूट टाका. सगळं टाकलंत तर मेटॉल विरघळणार नाही. हातमोजे घाला, स्वयंपाकघरातलं भांडं वापरू नका. ५ मिनिटांपासून सुरू करून चाचणीच्या तुकड्यांवर वेळ ठरवा.

आपल्याकडे नळाचं पाणी नोव्हेंबरातही २५ अंशांच्या आसपास असतं. मोठ्या परातीत बर्फाचं पाणी घेऊन डेव्हलपर, फिक्सर आणि धुवायचं पाणी, तिन्ही बाटल्या तिच्यात ठेवा. फक्त डेव्हलपर थंड करून पुढचं सगळं कोमट वापरलं तर दाणा फुगतो, आणि दोष फिल्मच्या माथी मारला जातो.

१०. लॅब आणि स्कॅन

लॅबमध्ये द्यायचाच असेल तर पाकिटावर ठळक लिहा: ‘कापू नका. सलग रोल परत द्या.’ काळ्या आकाशाच्या फ्रेमला कडाच दिसत नाहीत, त्यामुळे कापणारा देवयानीच्या मधूनच कात्री चालवतो. पहिली उजेडातली फ्रेम असली की पुढच्यांची जागा मोजता येते. स्कॅनही ‘ऑटो’वर नको, यंत्र काळं आकाश बघून ते राखाडी करतं आणि दाणाच दाणा दिसतो. १६ बिट टिफ फाइल मागा.

शिडीतली सर्वांत बरी दोन एक्स्पोजर एकावर एक बसवून सरासरी घेतली की दाणा कमी होतो. पूर्वी यासाठी दोन निगेटिव्ह हाताने जुळवून एकत्र छापत. डेव्हिड मॅलिन या छायाचित्रकाराने ऑस्ट्रेलियातल्या वेधशाळेत अशाच अंधाऱ्या खोलीतल्या युक्त्यांनी प्लेटवरची अतिफिकट भुजांची टोकं वर आणली.

११. निगेटिव्ह वाचणं

भिंग घ्या, वही शेजारी ठेवा आणि आधी तारे बघा, दीर्घिका नंतर.

सगळे तारे एकाच दिशेने लांबट, पूर्व-पश्चिम: माउंटची डुलकी किंवा मोटरचा वेग. उत्तर-दक्षिण: ध्रुव नीट साधला नाही. एका ताऱ्याभोवती बाकीचे कमानीसारखे फिरलेले: गाइडिंग चांगलं होतं, पण अक्ष चुकलेला. मधले तारे टोकदार आणि एका बाजूचे फुगलेले: फिल्म गेटमध्ये सपाट नव्हती किंवा लेन्सची बैठक तिरकी आहे, पुढच्या रोलमध्येही तीच बाजू फुगली तर लेन्स. प्रत्येक ताऱ्याला छोटी शेपटी: शटर उघडताना हिसका बसला, पुठ्ठा वापरला नाही. ताऱ्यांभोवती मऊ कडी, आणि ती शिडीत ५ मिनिटांपासून ६० मिनिटांपर्यंत वाढत गेलेली: दव.